वाकडे जिरे

१३ ऑगस्ट

पोचले! पांढरकवडा ते यवतमाळ, यवतमाळ ते महागाव आणि तिथून फुलसावंगी, तीन एसट्या बदलून पाठीचा भुगा झाला, पण मन ताजं आहे. पहिली नोकरी. हे दोन शब्द लिहिता यावेत म्हणूनच निघताना बाबांनी ही डायरी हातात ठेवली. त्यांच्या पंक्चरच्या दुकानात टायरवाल्यांकडून दरवर्षी एक येते आणि दरवर्षी कोरीच राहते. यंदा राहणार नाही.

स्टँडवर वामनराव स्वतः मोटरसायकल घेऊन आले होते. बोरदेव तलाव त्यांनी मासेमारीसाठी ठेक्याने घेतलाय आणि काठावर मत्स्यबीज केंद्र काढलंय. साठीचे, कपाशी-सोयाबीनचे मोठे शेतकरी, बोलायला मोकळे. माझी बॅग त्यांनी टाकीवर आडवी टाकली, मी मागे मायक्रोस्कोपचा डबा तान्ह्या बाळासारखा मांडीवर धरून बसले.

केंद्र लहान आहे, पण आवडलं. अंडी उबवायचं सिमेंटचं गोल टाकं, पिल्लं वाढवायची सहा तळी, पत्र्याची एक प्रयोगशाळा आणि तिला लागून माझी खोली. सगळीकडे तलावाचंच पाणी, पंपाने ओढलेलं. खिडकी उघडली की समोर तलाव, हिरवागार. आमचे सर म्हणायचे की हिरवं पाणी म्हणजे माशांच्या पिल्लांचं दूध. मग आमच्या पिल्लांची चंगळ आहे.

राखण करायला हिरासिंग आणि स्वयंपाकाला त्यांच्या बायको रुपीबाई, दोघं धरणाच्या पलीकडच्या तांड्यावरचे. हिरासिंग कमी बोलतात. रुपीबाईंनी आल्या-आल्या ज्वारीची भाकर, वरण आणि मिरचीचा ठेचा वाढला. शिवाय डोक्यावरून आणलेला पाण्याचा माठ कोपऱ्यात ठेवला. तांड्याच्या विहिरीचं पाणी आहे, प्यायला हेच घ्या, नळाचं घेऊ नका, असं दोनदा बजावलं. आईसुद्धा एवढं बजावत नाही.

१६ ऑगस्ट

रोहूची पहिली अंडी काल रात्री फुटली. लाखभर पिल्लं. आमच्या धंद्यात त्यांना जिरे म्हणतात, आणि दिसतातही तसेच, मसाल्याच्या डब्यातले जिरे पाण्यात टाकून हलवावेत तसे.

एक जिरा मायक्रोस्कोपखाली घेतला. काचेसारखं अंग, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि त्यांच्या खाली हृदय, धडधडत. घड्याळ लावून ठोके मोजले: मिनिटाला एकशे अठरा. रुपीबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या की एवढ्याशा जिवालेही काळीज देल्लं देवानं.

१९ ऑगस्ट

पावसाने दडी मारून दहा दिवस झाले. वारा नाही. श्रावणात वैशाखासारखं ऊन. तलावाच्या कडेला हिरवा थर जमलाय, कुणी ऑइलपेंटचे डबे ओतावेत तसा. काठीने ढवळला की बाजूला होतो आणि पुन्हा मिटतो. कुजल्या गवतासारखा वास येतो.

आज शंभर जिरे तपासले. त्यातल्या अकरांची पाठ वाकडी. अंडी घालण्यासाठी माद्यांना दिलेल्या इंजेक्शनचं प्रमाण चुकलं असेल का? पुन्हा तपासून बघते.

२१ ऑगस्ट

प्रमाण बरोबर होतं. तरी आज शंभरात चौतीस वाकडे. शेपूट पोटाकडे वळलेलं, हृदयाभोवती पाण्याचा फुगा, डोळे बारीक. सरळ पोहता येत नाही, एका जागी गोल गोल फिरतात, मग कुशीवर पडतात, मग पुन्हा फिरतात. एकाचे ठोके मोजले. बासष्ट.

वामनराव दुपारी आले. मी दाखवल्यावर धरणापलीकडे बघत बोलू लागले. हा तलाव त्यांनी घेतला त्याआधी तांड्यावरची माणसं मनाला येईल तेव्हा जाळं टाकत. आता टाकता येत नाही. सध्या कपाशीच्या फवारणीचे दिवस, घरोघरी औषधाच्या बाटल्या आहेत. त्यातली एखादी पाण्यात ओतायला कितीसा वेळ लागतो? नाव त्यांनी कुणाचंच घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "हिरासिंग माणूस वाईट नाही. पण जरा लक्ष ठेवजा, बेटा."

मला हे आवडलं नाही. पण आता माझी नजर हिरासिंगांच्या हातांकडे जाते.

२४ ऑगस्ट

सकाळी साडेसहाला खिडकीतून बघितलं. हिरासिंग गुडघाभर पाण्यात, हातात जुनं लुगडं. दुसरं टोक काठीला बांधलेलं. पंपाजवळचं पाणी लुगड्याने गाळून काढत होते की लुगड्यातलं काही पाण्यात सोडत होते, इतक्या लांबून कळेना. मग त्यांनी लुगडं पिळलं आणि पळसांमागे खड्डा करून काहीतरी पुरलं.

मी खाली गेले. काय करताय विचारलं. कचरा, म्हणाले. कसला कचरा? तलावातला. एवढं बोलून फावडं खांद्यावर घेतलं. नाकातोंडाला कापड बांधलेलं होतं. कचरा काढायला तोंड कशाला बांधायचं?

काठावर तीन बगळे मरून पडले होते. मी डबा घेऊन परत येईस्तोवर तेही पुरून झाले.

२६ ऑगस्ट

वामनरावांच्या हाती नागपूरच्या प्रयोगशाळेकडे दोन बाटल्या पाठवल्या. एक तलावाच्या पाण्याची.

दुसरी रुपीबाईंच्या माठातली. कुणाला सांगितलं नाही. लिहितानाही कसंतरी होतंय, पण तेरा दिवस झाले, बाई रोज तेच बजावतात: आमचंच पाणी पी, नळाचं पिऊ नको. कशासाठी एवढा आग्रह?

२८ ऑगस्ट

शंभरात एकाहत्तर.

माठातलं पाणी आता पीत नाही. रुपीबाई गेल्या की खोलीमागच्या एरंडीला ओतते. नळाचं घेते आणि वीस मिनिटं खळखळून उकळते. उकळल्यावर किंचित हिरवट रंग राहतो आणि तळाला बारीक साका बसतो, पण जंतू मरतात हे नक्की. निदान माझ्या हाताने उकळलेलं असतं.

रुपीबाई रिकामा माठ बघून खूश झाल्या. पोरगी पाणी चांगली पेते, म्हणाल्या. मी हसले. किती सहज हसता येतं.

३१ ऑगस्ट

पोटात कालपासून मळमळ. जिभेचं टोक मिरची लागल्यासारखं चुरचुरतं, मग बधिर होतं. भाकरीत काही असेल? आजपासून जेवण नको म्हणून सांगितलं, पोट बरं नाही अशी थाप मारली. स्वतःच खिचडी लावते, नळाच्या पाण्यात.

तांड्यावर तीज सुरू झाली आहे. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, आणि गोकुळाष्टमीच्या दिवशी ते हिरवे कोंब घेऊन टोपल्या बोळवायला पाण्यावर जातात. रुपीबाईंची पुतणी बबिता आमंत्रण द्यायला आली होती. अकरावीत शिकते, चुणचुणीत आहे. तिला मायक्रोस्कोप दाखवला. वाकडा जिरा बघून तिने विचारलं, याला दुखत असेल का?

तिच्याकडूनच कळलं. तीज दरवर्षी याच तलावात, केंद्राजवळच्या पायऱ्यांवरून बोळवतात. यंदा हिरासिंगांनी मनाई केली आहे. मुलींना दोन कोस चालत नाल्यावर जावं लागणार.

स्वतःच्या तांड्यातल्या मुलींना या पाण्यापासून लांब ठेवायचं, याचा अर्थ काय? या पाण्यात काय आहे ते त्यांना माहीत आहे.

२ सप्टेंबर

सापडलं.

दुपारी हिरासिंग जेवायला तांड्यावर गेले तेव्हा पळसांमागची माती उकरली. पहिल्या खड्ड्यात वाळलेलं हिरवं शेवाळ, चिपाडासारखं, आणि बगळ्यांची पिसं. पुढच्या खड्ड्यात, राखेखाली, प्लास्टिकचं पोतं. आत निळे खडे. मोरचूद!

खोलीत नेटवर्क नाही म्हणून धरणावर चढून वामनरावांना फोन लावला. ते आधी दचकले, मग चिडले. मोरचूद त्यांनीच जूनमध्ये आणलं होतं, शेवाळ मारायला. हिरासिंगला तीनदा टाकायला सांगितलं, आणि तीनदा तो म्हणाला की पोतं सापडत नाही. आता पुरावा आला ना हाती, म्हणाले. आता त्याची वाट पाहू नका, तुम्हीच टाका.

मोरचुदाने शेवाळ मरतं, हे पुस्तकातही आहे. शेवाळ मरेल, पाणी उघडं पडेल, मग त्यात आणखी काय टाकलंय तेही कळेल.

३ सप्टेंबर

राहवलं नाही. हिरासिंगांना सरळ विचारलं, पोतं का लपवलं? त्यांनी उकरलेल्या मातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावले नाहीत. माझ्या ओठांकडे बघत राहिले. ओठ दोन दिवसांपासून फुटलेत.

"मोरचूद टाकू नका, म्याडम," म्हणाले. "शेवाळ जित्तं हाये तवर जहर त्याच्या पोटात हाये. मेलं का सारं पाण्यात येते."

न शिकलेल्या माणसाला जहराची एवढी माहिती कुठून? मी विचारलं नाही. मान हलवली, टाकणार नाही असं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला.

उद्या ते उमरखेडला जाणार आहेत, तीजेचं सामान आणायला. दिवसभर नसतील, परवाच परत येतील.

४ सप्टेंबर

टाकलं. हातमोजे घालून मोरचूद गोणपाटात बांधलं आणि होडीमागे ओढत पंपापासून तीजेच्या पायऱ्यांपर्यंत चार फेऱ्या मारल्या. सहाही तळ्यांत मोजून टाकलं. निळा रंग हिरव्यात मिसळताना सुंदर दिसत होता. रिकामं पोतं पुन्हा राखेखाली ठेवलं, आत माती भरून.

डोकं दुखतंय. उन्हाने असेल.

५ सप्टेंबर

पाणी निवळलं! पायऱ्यांशी तळाचे दगड दिसतात. हिरवा थर तपकिरी होऊन खाली बसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तलावात आभाळ दिसलं. नळालाही स्वच्छ पाणी आलं, दोन पेले प्यायले, उकळायचीसुद्धा गरज वाटली नाही.

हिरासिंग परत आले. पायऱ्यांवर उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मी खिडकी लावून घेतली.

दुपारी चार

पहिल्या तळ्यातली पिल्लं सगळी वर आली आहेत. तोंड उघडून, पाण्याबाहेर. मी जवळ गेले तरी खाली जात नाहीत. दुसऱ्या तळ्यातही तेच —

६ सप्टेंबर

सहाही तळी. सगळी.

सकाळी अजून हलत होती. वाकडीच नव्हे, चांगली, सरळ, बोटाच्या पेराएवढी झालेलीसुद्धा. अंगाला झटके, गोल गोल फिरणं, मग शेपूट डोक्याला टेकेल एवढं वळून थांबणं. एक उघडून पाहिलं. यकृत फिकट, लिबलिबीत, बोट लागताच विरघळलं. मायक्रोस्कोपखाली शेवटचा जिवंत जिरा. ठोके एकवीस. मग नऊ. मग मी मोजत राहिले आणि मोजायला काही नव्हतं.

दोनदा उलटी झाली. धरणावर चढताना तीनदा बसले.

नागपूरचा निरोप फोनवर कालच येऊन पडला होता. जसाच्या तसा उतरवते: बाटली एक, तलाव. विषारी निळं-हिरवं शेवाळ, प्रमाण फार जास्त. पाणी माणसांना, जनावरांना देऊ नये. उकळून विष जात नाही. शेवाळावर कोणतंही औषध टाकू नये, पेशी फुटून सगळं विष एकदम पाण्यात उतरेल. बाटली दोन, माठ. पाणी शुद्ध, पिण्यास योग्य.

माठ. शुद्ध.

कुणी काही टाकलं नव्हतं. टाकलं ते मी.

वामनरावांनी फोन उचलला नाही, हिरासिंगांना उद्या सांगेन. आरशात बघितलं. डोळे पिवळे.

७ सप्टेंबर, सकाळ

उठता येत नाही. जीभ जड. उजव्या हाताची बोटं मधूनच आपोआप वळतात, म्हणून अक्षर असं —

हिरासिंग दाराशी आले, बघितलं. लगेच मोटरसायकल काढली. फुलसावंगीहून जीप घेऊन येतो, दवाखान्यात नेतो, असं बायकोला सांगून गेले.

रुपीबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. चमच्याने माठातलं पाणी पाजलं. एरंडीखालची ओली माती त्यांना दिसली असावी, कारण त्या रडत होत्या. "म्या रोज एवढ्या दुरून माठ कायले आणून राह्यली होती, पोरी?"

मग सांगितलं. दोन वर्षांमागे, तलाव दुसऱ्याकडे होता तेव्हा, त्याने असंच मोरचूद टाकलं. पाणी आरशासारखं झालं. तांड्यातल्या लालीबाईच्या म्हशी ते पाणी प्यायल्या आणि सांजेआधी पाय झाडत मेल्या. तेव्हापासून हिरासिंगांना ती निळी पोती दिसली की ते लपवतात. शेवाळ हाताने काढतात, पुरतात. वामनरावांना सांगून पाहिलं, ते हसले.

सांगायला हवं होतं. तेव्हाच. जीभ अजून वळत होती. तोंड उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. जीप आली की सांगू, हिरासिंगांना सांगू, असं मनात —

रुपीबाई उठल्या. दारातून तलाव दिसला तशा थबकल्या. कोऱ्या काचेसारखं पाणी. म्हणाल्या, यंदा तांड्याच्या देवाची, सेवाभायाची, कृपा झाली, पाणी आपोआपच साफ झालं. तांड्यावर काल ठरलंही. हिरासिंग नको म्हणत होते, पण पोतं जाग्यावर, भरलेलं पाहून आले आणि मग त्यांनीही हो म्हटलं; जिरे तर आधीपासूनच वाकडे होऊन मरत होते. पोरींना दोन कोस चालायला नको. तीज इथेच बोळवायची. आज. दुपारी.

मी त्यांचा पदर धरला. आवाज निघाला, शब्द नाही. त्यांना वाटलं मला त्यांनी जाऊ नये असं वाटतंय. गालाला हात लावला, पोरी येतीलच इकडे, तुझ्यापाशीही आणीन म्हणाल्या, आणि तयारीला गेल्या.

दुपार

जीप नाही. नेटवर्क धरणावर. धरण चढवत नाही.

पायऱ्यांपर्यंत जाता येईल. सरकत. डायरी घेते. बबिताला वाचता येतं.

नंतर

पायऱ्यांवर आहे. पाणी किती स्वच्छ. खाली हिरवट-तपकिरी गाळ, त्यावर मेलेल्या माशांची पांढरी पोटं. काठावरून दिसत नाहीत, उतरल्यावरच —

गाणं ऐकू येतंय. धरणाच्या वळणावर टोपल्या, डोक्यावर हिरवे कोंब. वीस-बावीस जणी. पुढे बबिता. लहान पोरी पुढे धावतात. त्या पाण्यात लोळतात, तोंडात भरून एकमेकींवर उडवतात, बबितानेच सांगितलं होतं —

ओरडले. आवाज नाही.

त्या हात हलवताहेत. मला बघून हसताहेत.

पान फाडून मोठ्या अक्षरात. हात वळतो. डाव्याने धरून. तीनच शब्द. त्या अगदी जवळ —

पाण्यात उतरू